सातपुड्याला सेवा हवी, ती मुक्कामाची

आषाढ लागला आणि सातपुड्याच्या घाटांतून दरडी कोसळू लागल्या, म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या दुर्गम भागातील बालमृत्यूंच्या वार्ता वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येऊ लागतात; आणि त्या वाचून व्यथित झालेली शहरांतील सहृदय माणसे औषधांची खोकी भरून, ओळखीचे दोन-चार डॉक्टर जमवून, एखाद्या शनिवारी-रविवारी आरोग्यशिबिरासाठी अक्राणीच्या किंवा अक्कलकुव्याच्या वाटेला लागतात. या माणसांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे काहीही कारण नाही. स्वतःचा वेळ आणि पैसा खर्चून परक्याच्या दुःखाकडे धावून जाणे, ही कोणत्याही समाजाची मोठी पुंजी होय. तथापि सातपुड्यात वैद्यकीय सेवेसाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांचे काम जवळून पाहिल्यावर माझे असे निश्चित मत झाले आहे की, या प्रदेशाला पाहुण्या सेवेचा जो उपयोग होतो तो अल्प आणि क्षणिक असतो. येथे फळ येते ते मुक्कामाच्या सेवेला, आणि तेही स्वयंसेवक गावातल्या कार्यकर्तीच्या हाताखाली राबण्यास तयार असेल तेव्हाच. हे मत मी का बाळगतो आणि त्यातून कोणती व्यवस्था उभी राहावी, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम प्रदेश समजून घेतला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख असून दर दहा माणसांमागे सात माणसे आदिवासी आहेत. तापीकाठची शहाद्याकडील सपाटी काळ्या मातीची, ऊस-कापूस-केळीची आणि सुखवस्तू. परंतु तळोदा ओलांडून चांदसैलीचा घाट चढू लागले की भिल्ल आणि पावरा समाजाचा जो डोंगरी मुलूख लागतो, त्याचे स्वरूप सर्वस्वी निराळे आहे. महसुली दप्तरात ज्याची नोंद एक गाव म्हणून असते, ते प्रत्यक्षात अनेक पाड्यांत विखुरलेले असते. एक पाडा या टेकडीवर, दुसरा समोरच्या टेकडीवर, आणि मधल्या दरीतला ओढा पावसाळ्यात कोणत्या वेळी अडवील याचा भरवसा नाही. उत्तरेस नर्मदा. सरदार सरोवराच्या बुडितात अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांतील ३३ गावे सापडली, आणि पाणी जसजसे चढत गेले तसतशा पूर्वीच्या पायवाटा, बाजाराचे रस्ते आणि नात्यागोत्याच्या गावांना जोडणारे उतार पाण्याखाली गेले. जेथे चालत जाता येई तेथे आता होडीवाचून गती उरली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून रस्ता बंद पडला असता एका पतीला आपल्या आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन चालत निघावे लागले आणि वाटेतच तिचे प्राण गेले, ही घटना महाराष्ट्राने वाचली आहे. बांबूला झोळी बांधून रुग्णाला खांद्यावरून आणण्याला वृत्तपत्रांनी ‘बांबुलन्स’ असे नाव दिले. ते नाव रूढ व्हावे इतक्या वारंवार ती वेळ येथल्या माणसांवर येते.

शासन येथे नाहीच, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, उपकेंद्रे आहेत, धडगावला आणि मोलगीला ग्रामीण रुग्णालये आहेत. नर्मदेच्या जलाशयात तरंगता दवाखाना फिरविण्याची तजवीज झाली. १९९५ पासूनच्या नवसंजीवन योजनेखाली भरारी पथकांतले मानसेवी वैद्यकीय अधिकारी पाड्यांवर हिंडतात. आणि २०२० पासून जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. इतके असूनही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुले वयाच्या मानाने कमी वजनाची आढळली. याचा अर्थ असा की इमारती, हुद्दे आणि योजना यांच्या आणि त्या कुडाच्या घरातील चुलीशेजारी निजलेल्या मुलाच्या मध्ये शेवटचे दोन-तीन कोस असे उरतात की ते कोणत्याही फर्मानाने ओलांडले जात नाहीत. ते कोणी तरी माणसाने, रोज, पायी ओलांडावे लागतात. वैद्यकीय स्वयंसेवकाचे खरे कार्यक्षेत्र हे दोन-तीन कोस होय.

त्याचा दिवस कसा जातो, हे पाहण्याजोगे आहे. उजाडण्यापूर्वी तो उठतो, कारण पाड्यावरची माणसे उजाडताच शेतावर आणि गुरांमागे जातात, आणि नऊनंतर पोहोचणाऱ्याला घरात म्हातारी आणि लहान भावंडे तेवढी भेटतात. खांद्याला पिशवी, तीत वजनाचा स्प्रिंगचा काटा, त्याला अडकवायची कापडी झोळी, दंडघेर मोजण्याची रंगीत पट्टी, तापमापक, जलसंजीवनीची पाकिटे, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि नोंदवही. स्टेथोस्कोप असला तर असतो; नसला तरी दिवस अडत नाही. एका घराच्या आढ्याला काटा टांगायचा, मूल झोळीत घालायचे, काटा स्थिर होईपर्यंत वाट पाहायची आणि आकडा मोठ्याने वाचायचा, म्हणजे आईलाही तो कळतो. मग डाव्या दंडावर पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित. अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबारा असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. अर्धा सेंटिमीटर इकडे की तिकडे, यावर मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात चौदा दिवस ठेवायचे की घरी आहार वाढवायचा, हे ठरते; म्हणून पट्टी सैल किंवा आवळून धरणारा हात तेथे चालत नाही.

श्वास मोजण्याचे कामही असेच साधे आणि असेच कठीण. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर खोकला-तापाच्या मुलाला न्यूमोनिया समजावा, ही कसोटी जगभर मान्य झालेली आहे. ती लावण्यासाठी क्ष-किरणांचे यंत्र लागत नाही, एक पूर्ण मिनिट लागते. अक्राणीतल्या एका पाड्यावर पुण्याहून आलेला एक तरुण डॉक्टर रडणाऱ्या बाळाची छाती उघडी करून घड्याळ लावू लागला, तेव्हा शेजारी उकिडव्या बसलेल्या आशाताई, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्ती, त्याला शांतपणे म्हणाल्या, “दादा, रडतंय तोवर मोजू नका. आईजवळ द्या, पाजू द्या, निजलं की मोजा.” तो थांबला. बाळ दूध पिऊन निजले, बाईंनी पोटावरचे फडके अलगद वर सारले, आणि दोघांनी निरनिराळे मोजून आकडा ताडून पाहिला. तो तरुण वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेला. त्या बाई सातवी शिकलेल्या. परंतु त्या मिनिटापुरते गुरुत्व कोणाकडे होते, हे त्याने ओळखले आणि पुढे महिनाभर तो त्यांच्याबरोबर त्यांचा मदतनीस म्हणून हिंडला. माझ्या मते त्याच सकाळी तो खऱ्या अर्थाने कामावर रुजू झाला.

दुपारी पाऊस वाढला की एखाद्या पडवीत थांबावे लागते. तेवढ्यात कोणी पायाला चिघळलेली जखम दाखवतो, कोणी पोरीला तीन दिवस हगवण आहे म्हणून सांगतो. जलसंजीवनीचे पाकीट संपले असेल तर लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कसे घालावे, हे बोलून न थांबता त्या बाईच्याच भांड्यात, तिच्याच चमच्याने, तिच्याच हातून करवून घ्यावे लागते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांच्याच हाती पेले दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. विसाव्या शतकातील वैद्यकाच्या मोठ्या विजयांपैकी हा एक. आणि तो मिळाला तो औषध आईच्या हाती सोपविण्याचा विश्वास दाखविल्यामुळे. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी परतल्यावर भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन, कंदिलाच्या किंवा चार्जिंगच्या दिव्याच्या उजेडात नोंदवही पुरी करणे हे शेवटचे काम. कोणत्या बाळंतिणीचा कितवा दिवस, कोणाचे वजन गेल्या आठवड्यापेक्षा घटले, कोणाला उद्या सकाळी सर्वांत आधी पाहायचे. अशा दिवसात नाट्य नाही, छायाचित्रास योग्य असा प्रसंग क्वचितच. परंतु मुले वाचतात ती अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या पुनरावृत्तीनेच.

आता ही पुनरावृत्ती दोन दिवसांच्या शिबिरात कशी साधावी? शिबिरात रांग लागते, दोनशे माणसे तपासली जातात, खोकल्याची आणि ताकदीची औषधे वाटली जातात, आणि संध्याकाळी गाड्या परततात. ज्या मुलाचा आजार मंगळवारी सुरू होणार आहे, ते रविवारच्या रांगेत नसते; आणि जे अतिशय अशक्त आहे, त्याला घेऊन सहा मैल चालत यायला त्याच्या आईला सवडच नसते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, फाटलेल्या ओठांची दुरुस्ती, दंतचिकित्सा यांसारख्या एकदाच करावयाच्या उपचारांसाठी शिबिर उत्तम, हे मी मान्य करतो; पण कुपोषण, न्यूमोनिया, बाळंतपण आणि रक्तक्षय या विकारांना ते लागू पडत नाही. वळवाच्या सरीने धूळ खाली बसते, विहिरीला पाणी येत नाही. त्यासाठी दिवसचे दिवस धरून बसणारी झडच लागते.

मुक्कामाचे दुसरे कारण विश्वास. येथे पावरी बोलतात, भिलोरी बोलतात, नवापूरकडे मावची बोलतात. प्रमाण मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा आहे. मूल कधीपासून पीत नाही, हे आईला विचारता येण्याइतकी बोली आत्मसात करण्यास दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि तोवर दुभाष्याच्या तोंडून आलेले उत्तर अर्धेच समजते. शिवाय आजार आला की प्रथम बडव्याला, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूला, बोलाविण्याचा येथला शिरस्ता आहे. त्याला अज्ञान म्हणून झिडकारणारा स्वयंसेवक त्या घरात दुसऱ्यांदा घेतला जात नाही. बडवा रात्री दोन वाजताही येतो, जवळच राहतो आणि घरच्यांच्या भाषेत धीर देतो, ही गोष्ट ज्याने लक्षात घेतली, तो त्याच्याशी वैर न धरता ‘तुमचा विधी करा, पण मुलाला डाग देऊ नका, आणि ते पिईनासे झाले तर मला त्याच रात्री उठवा’ असा समझोता करतो. असे समझोते ओळखीवर होतात आणि ओळख सहवासावर. पोषण पुनर्वसन केंद्रात जाण्यास आई का कचरते, हेही तेथे राहणाऱ्यालाच कळते. बुडीत मजुरी मिळण्याची तरतूद आहे, परंतु घरची आणखी तीन मुले, शेळ्या आणि निंदणीला आलेले शेत चौदा दिवस कोणावर टाकायचे, या तिच्या प्रश्नाला कागदावर उत्तर नाही; शेजारणीशी बोलून ते काढावे लागते.

मुक्कामाच्या सेवेची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही, आणि नंदुरबारलाही नाही. सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे १९४२ साली मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या लहानशा दवाखान्याचे पुढे रुग्णालय झाले, आणि ते आजही परिसरातील आदिवासींची शुश्रूषा करीत आहे. त्याआधी अर्धशतक, १८९४ साली, डॉ. विल्यम वान्लेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी शल्यवैद्याने मिरजेस रुग्णालय उघडले. वान्लेस यांचे हस्तकौशल्य असामान्य होतेच. पण त्यांची दूरदृष्टी अशी की त्यांनी लवकरच तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू करून हिंदी तरुणांच्या हाती विद्या दिली, आणि मिरज हे वैद्यकाचे गाव झाले ते त्या विद्येच्या विस्तारामुळे. त्याच पिढीतील आल्बर्ट श्वाइट्झर यांनी संगीताची आणि तत्त्वचिंतनाची कीर्ती बाजूस सारून १९१३ मध्ये आफ्रिकेच्या विषुववृत्तीय अरण्यात, लाम्बारेने येथे रुग्णालय बांधले आणि आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्याचा सांभाळ केला. त्यांचा त्याग थोर होता, शांततेच्या नोबेल पारितोषिकाने तो जगाने गौरविला. परंतु तेथील माणसांकडे त्यांनी बरोबरीच्या नात्याने न पाहता वडीलकीच्या भावनेने पाहिले, हा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला, आणि तो निराधार नव्हता. राहणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. राहणाऱ्याने आपले ज्ञान तेथल्या माणसांच्या स्वाधीन केले की नाही, हा प्रश्न त्याच्या त्यागाहून महत्त्वाचा आहे.

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर जगाला दिले आहे, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला खेड्यांतील अल्पशिक्षित, पुष्कळशा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७३ च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाच्या अरण्यात राहावयास गेले आणि तेथेच राहिले. १९८६ पासून गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेद्वारे गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची घरगुती शुश्रूषा शिकविली, ३९ गावांतील त्या प्रयोगाने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि आज देशभरातील आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा आणि घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी देते, त्या भेटींचे मूळ त्या प्रयोगात आहे. या साऱ्या उदाहरणांचे तात्पर्य एकच: डॉक्टराने मुक्काम करावा आणि विद्या गावात ठेवावी.

परंतु प्रत्येकाला आयुष्य वाहणे शक्य नसते, हे उघड आहे. नोकरी, प्रपंच, शिक्षण सांभाळून ज्याला महिना किंवा पंधरवडाच देता येतो, त्याने काय करावे? याचेही उत्तर महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या ‘मैत्री’ या संस्थेने १९९७ पासून मेळघाटात पावसाळ्यातील बालमृत्यू रोखण्यासाठी धडक मोहीम चालविली. तिची योजना अशी की, स्वयंसेवकांच्या तुकड्या एकामागून एक जातात, एक परतते तेव्हा दुसरी पोहोचलेली असते, आणि गाव पावसाळ्यात एकही दिवस उघडे पडत नाही. व्यक्ती बदलतात, मुक्काम बदलत नाही. वही तीच, घरे तीच, स्थानिक कार्यकर्ते तेच. या तुकड्यांत डॉक्टरांबरोबर अभियंते, शिक्षक, विद्यार्थी आणि गृहिणी यांचाही समावेश असतो, कारण वजन घेणे, श्वास मोजणे आणि आजारी मुलाला वेळेवर दवाखान्यात पोहोचविणे या कामांसाठी पदवीपेक्षा चिकाटी अधिक लागते. हा नमुना नंदुरबारच्या डोंगरी तालुक्यांत पद्धतशीरपणे अवलंबिला जावा, असे मला मनापासून वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. आरोग्य हे शासनाचे कर्तव्य आहे. स्वयंसेवक गेले की रिक्त पदे भरण्याची निकड संपते आणि दयेच्या आड हक्क झाकला जातो, असे काही विचारवंत म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. डॉक्टर नसलेल्या केंद्रात स्वयंसेवकाने डॉक्टर म्हणून बसणे, ही व्यवस्था मला नामंजूर आहे. परंतु जो स्वयंसेवक उपकेंद्राच्या नोंदवहीत आपली नोंद करतो, जो आजारी मुलाला घेऊन रात्री आरोग्य केंद्राचे दार ठोठावतो आणि दार बंद आढळले तर तारीख-वेळ घालून लेखी कळवितो, तो शासनाला जबाबदारीतून मुक्त करीत नाही. उलट ती जबाबदारी दररोज त्याच्या समोर मांडतो. दूरच्या पाड्यावरच्या आईला तक्रारअर्ज लिहिता येत नाही. तिच्या वतीने साक्ष देणारा कोणी असणे, हेही सेवेचेच अंग आहे.

आणि या प्रदेशाची खरी सेवाव्रती माणसे कोण, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या भयाने आलीगाट आणि दादर या वस्त्यांवरील बायका होडीने अंगणवाडीत येईनाशा झाल्या, तेव्हा अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मासेमाराची होडी मागून घेतली आणि नर्मदेच्या जलाशयातून दिवसाकाठी सुमारे अठरा किलोमीटर स्वतः वल्ही मारीत जाऊन गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना आहार आणि तपासणी पोहोचविली. कोणीही त्यांना तसा हुकूम दिलेला नव्हता. अशा स्त्रिया सातपुड्याच्या गावोगावी आहेत; त्यांची नावे वृत्तपत्रांत येत नाहीत इतकेच. आशा कार्यकर्तीला शासनाच्या लेखी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही. ती स्वयंसेविका गणली जाते आणि कामाच्या बाबीनुसार तिला मोबदला मिळतो. शहरातून महिनाभर आलेल्याचे आपण हारतुरे घालून कौतुक करावे आणि बारा महिने तीच वाट तुडविणारीचा मोबदला दोन-दोन महिने थकावा, हे आपल्या विवेकाला टोचले पाहिजे.

डोंगरातील रोगांचे स्वरूपही मुक्कामाचीच मागणी करते. सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकविणारा आनुवंशिक विकार भिल्ल, पावरा आणि मावची समाजांत आढळतो. आई-बाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याचा संभव चारात एक. थंडी, पावसात भिजणे, पाणी कमी पिणे आणि अतिश्रम यांनी वेदनेचे असह्य झटके येतात, आणि ते टाळण्यासाठी फॉलिक आम्लाची गोळी, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध, नियमित तपासणी आणि लग्नापूर्वीचा सल्ला यांची आयुष्यभर गरज असते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ ही मुदत घातली. रक्ततपासणीची मोहीम चार दिवसांत उरकता येईल. पण दाखला हाती पडलेल्या मुलीला त्याचा अर्थ समजावून सांगणे, आणि त्या दाखल्यामुळे तिला कोणी हिणवू नये यासाठी गावाशी बोलणे, हे काम ओळखीच्या माणसानेच करावे लागते.

तेव्हा माझे म्हणणे असे. जून ते सप्टेंबर या काळात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ज्या पाड्यांचा संपर्क पावसाने तुटतो, त्यांची यादी जिल्हा परिषदेने वैशाखातच जाहीर करावी आणि स्वयंसेवी संस्थांनी ते पाडे आपसांत वाटून घेऊन तेथे सलग मुक्कामाच्या तुकड्या ठेवाव्यात. कोणत्याही स्वयंसेवकाला तीन आठवड्यांपेक्षा कमी मुदतीसाठी घेऊ नये, आणि जाण्यापूर्वी त्याला बोलीचे प्राथमिक धडे स्थानिक शिक्षकांकडून मिळावेत. त्याने काम आशाताईंच्या आणि अंगणवाडीताईंच्या सूचनेप्रमाणे करावे, स्वतःचे निराळे औषधभांडार उघडू नये, आणि त्याची वही परतताना त्याच्याबरोबर न जाता उपकेंद्रात जमा व्हावी. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत स्थलांतरित होणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या हाती वजन, लसी आणि आजार यांची नोंद असलेले कार्ड द्यावे, आणि होळीला ती कुटुंबे गावी परतली की त्याच कार्डावर पुन्हा वजन घ्यावे. कारण सातपुड्यात होळीसाठी माणूस कोठूनही घरी येतो, आणि मुलाची हकीकत जुळवून घेण्याची तीच संधी असते. नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने पदवीपूर्वी एक पावसाळी महिना पाड्यावर काढावा आणि त्याची हजेरी व पारख यांत आशाताईंच्या शब्दाला वजन असावे. या सर्वांस लागणारा खर्च एका मोठ्या शिबिराच्या मांडवाच्या, भोजनाच्या आणि वाहनांच्या खर्चाहून फारसा अधिक होणार नाही.

ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनाही कर्तव्य आहे. वर्षातून एकदा जुने कपडे आणि मुदत संपत आलेली औषधे पाठविण्याऐवजी त्यांनी आशा आणि अंगणवाडी कार्यकर्तींच्या थकलेल्या मोबदल्याविषयी आपल्या आमदारांना आणि खासदारांना पत्र लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत पुनःपुन्हा लिहावे. ज्यांना जाता येईल अशा डॉक्टरांना, परिचारिकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की या वर्षीच्या पावसाळ्याचा एक महिना आताच राखून ठेवा. तेथे तुम्हांला अद्भुत असे काही करावयाचे नाही. रोज पहाटे उठून, त्याच वाटेने, त्याच घरांत, एका बाईच्या मागोमाग जाऊन काटा टांगायचा आहे, पट्टी लावायची आहे आणि एक पूर्ण मिनिट श्वास मोजायचा आहे. महिना संपल्यावर तुमची जागा घेणारा पोहोचेपर्यंत थांबा, त्याला घरे दाखवा, वही उपकेंद्रात जमा करा, आणि पुढच्या वर्षी त्याच पाड्यावर या.